जर्मनच्या लढाईत गेलेल्या आपल्या घरातल्या पोराचा माग कसा काढायचा

देव्हाऱ्यातले टाक एकदा खाली घ्या, चिंचेनं घासा आणि उजेडात नीट बघा. घोड्यावरचा टाक बहुतेक खंडोबाचा निघतो. पण एखाद्या टाकात नुसता उभा माणूस असतो, हातात तलवार, आणि हा कोणता देव ते घरात कुणालाच सांगता येत नाही. म्हाताऱ्या माणसांना विचारलं तर उत्तर येतं, "तो वीर." कुणाचा कोण, कधी गेला, कुठं गेला, याचं उत्तर मिळत नाही. दरवर्षी त्याला आंघोळ घालतात, नैवेद्य दाखवतात, आणि त्याचं नाव कुणालाच माहीत नसतं.

आमच्या घरच्या वीराला 'बसऱ्याचा आजा' म्हणतात. माझ्या सासऱ्यांचा थोरला चुलता. पलटणीत भरती झाला, बसऱ्याला (आजच्या इराकमधलं बंदर) गेला, आला नाही. गेला तेव्हा विशीतला होता. माझ्या मुलापेक्षा लहान, आणि आम्ही सगळे त्याला आजा म्हणत आलो. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी त्याचा शोध घेतला. नंतर भावकीतल्या आणि शेजारच्या वाड्यांतल्या लोकांनी त्यांच्या घरच्या माणसांसाठी विचारलं, त्यांनाही मदत केली. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, रायगड, पुणे या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत असा एक मुलगा आहे. पहिल्या महायुद्धात, म्हणजे आपल्याकडच्या जर्मनच्या लढाईत, हिंदुस्थानातून दहा लाखांहून जास्त माणसं समुद्रापार गेली आणि सुमारे ७४,००० परत आली नाहीत. तुमच्या घरातला माणूस त्यांपैकी असेल, तर हे तुमच्यासाठी.

एक गोष्ट आधीच सांगते. पुतळा, फलक, कार्यक्रम हे सगळं नंतर. आधी माणूस सापडू दे. त्याचं पूर्ण नाव, वय, पलटण, मृत्यूची तारीख आणि जागा. हे हाती नसताना लावलेल्या फलकावर 'शूर वीर', 'अमर जवान' असले शब्द येतात आणि तो मुलगा त्यांच्या मागं पुन्हा हरवतो.

घरात काय विचारायचं

पुरुषांच्या आधी बायकांना विचारा, आणि घरात असलेल्यांच्या आधी लग्न होऊन गेलेल्यांना. आत्या, आजेआत्या, त्यांच्या सुना. माहेरच्या गोष्टी माहेरवाशिणींनी जपलेल्या असतात. "तुम्हाला काय आठवतं?" असं मोघम विचारू नका, त्यानं फक्त सुस्कारा निघतो. असं विचारा: लढाईची पेन्शन येत होती का? कुणाच्या नावावर? त्याचा जमिनीतला हिस्सा पुढं कुणाकडं गेला? त्याचं लग्न झालं होतं का? ती कुठली? नंतर तिचं काय झालं? त्याच्याबरोबर गावातून आणखी कोण गेलं होतं?

शेवटचा प्रश्न फार कामाचा आहे. भरती करणारे एका गावातून एकदम चार-पाच पोरं घेऊन जात आणि ती बऱ्याचदा एकाच पलटणीत असत. तुमच्या माणसाचा काहीच पत्ता लागत नसेल, तर त्याच्या जोडीदाराचा लागतो का बघा.

मग पेटारा, माळा, देव्हाऱ्याचा खालचा खण. पदकं सापडली तर आधी कड बघा. एका बाजूला राजा पंचम जॉर्जचा चेहरा आणि दुसरीकडं घोडेस्वार असलेलं चांदीचं पदक, आणि पंख पसरलेली देवता असलेलं काशाचं पदक, ही दोन्ही पहिल्या महायुद्धाची. दुसऱ्याची फीत इंद्रधनुष्याच्या रंगाची असते. दोन्हींच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत शिपाई नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. भिंगातून वाचा, बाजूनं उजेड पाडून फोटो घ्या. राखेनं किंवा पितांबरीनं अजिबात घासू नका. आधीच झिजलेली अक्षरं पुसून जातील, आणि त्या नंबराइतका पक्का पुरावा दुसरा मिळत नाही.

गेलेल्या सैनिकाच्या घरी काशाची एक गोल थाळीही येत असे. साधारण बारा सेंटिमीटरची, त्यावर त्रिशूळ घेतलेली बाई आणि सिंह, आणि उंचवट्याच्या अक्षरांत फक्त माणसाचं नाव. हुद्दा मुद्दाम घातलेला नाही, शिपाई असो की अधिकारी. आमच्या भागात अशा थाळ्या बऱ्याच घरांतून मोडीत गेल्या. एके ठिकाणी ती दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून वापरात होती. त्या घरातल्या सूनबाईंना नाव वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी ती धुऊन, पुसून देव्हाऱ्यात नेऊन ठेवली.

गावात कुठं बघायचं

चावडी, शाळा, ग्रामपंचायत, देऊळ, यांच्या भिंतीत इंग्रजांच्या काळची एखादी संगमरवरी पाटी आहे का बघा. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर असतो. सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे मिलिटरी हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं गाव. तिथल्या ४६ जणांनी त्या युद्धात प्राण दिले. पण लहान लहान गावांतही अशा पाट्या आहेत. चुन्याखाली, रंगाखाली, नोटीस बोर्डामागं. पाटीवर आकडा असतो, नावं नसतात. तरी आकडा महत्त्वाचा, कारण किती जणांना शोधायचं ते कळतं.

तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात गाव नमुना नंबर १४ म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही असते. परमुलखात झालेला मृत्यू त्यात बहुतेक मिळणार नाही, पण जन्म मिळू शकतो. मुलाचं नाव नसतं. बापाचं नाव, जात आणि 'मुलगा' एवढंच. भावंडांचा क्रम माहीत असेल तर त्यावरून त्याचं वय निघतं. मृत्यूचा माग वारसाच्या नोंदीत लागतो. त्याचा हिस्सा भावाच्या किंवा बायकोच्या नावावर चढला तेव्हा फेरफार झाला असणार. तिथं 'मयत' शब्द आणि साल मिळतं. जुनी पानं मोडी लिपीत असतात. कुणबी नोंदींच्या शोधामुळं आता मोडी वाचणारे तालुक्याच्या गावीही भेटतात, त्यांची मदत घ्या.

आणखी एक जागा सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. मुलाचा देह आला नाही म्हणून आईबाप त्र्यंबकेश्वरला विधी करायला गेले असतील, तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत त्यांनी नावं लिहून ठेवलेली असू शकतात. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की आपल्या घराण्याचे उपाध्याय कोण ते कळतं.

यादीत नाव शोधताना

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्‌ज कमिशन ही संस्था १९१७ पासून दोन्ही महायुद्धांत गेलेल्यांच्या कबरी आणि नावं सांभाळते. तिची यादी इंटरनेटवर फुकट शोधता येते. पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळात गेलेले त्यात येतात. म्हणजे लढाई थांबल्यावर तापानं छावणीत गेलेला मुलगाही त्यात सापडू शकतो.

इथं बहुतेक लोक हात टेकतात. आडनाव टाकतात, काही मिळत नाही, आणि सोडून देतात. थोडा धीर धरा. त्या काळच्या इंग्रज कारकुनानं कानावर पडलं तसं लिहिलं आहे. 'पवार' हे 'पोवार' होऊन बसलं आहे. 'जाधव'च्या शेवटी व्हीच्या जागी ओ आहे, 'चव्हाण'मध्ये डब्ल्यू घुसला आहे. काहींचं आडनावच नाही, नुसतं बाळा, रामा, बापू. घरात ज्याला एका नावानं हाक मारत, तो पलटणीत दुसऱ्याच नावानं लागलेला असतो; आमचा तसाच होता. घरच्या नावानं शोधत राहिले असते तर कधीच मिळाला नसता.

म्हणून नावाचा नाद आधी सोडा आणि गावावरून या. शोधाच्या पानावर अ‍ॅडिशनल इन्फर्मेशन नावाचा रकाना आहे. पुष्कळ हिंदी सैनिकांच्या नोंदीत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असं लिहिलेलं असतं. तिथं तालुक्याचं नाव टाका आणि सैन्य म्हणून इंडियन आर्मी निवडा. यादी लांबेल, पण वाचता येईल इतकी. गावाचं स्पेलिंगही कानावरचंच असतं, तेव्हा यादी मोठ्यानं वाचा. डोळ्याला परकं वाटणारं गाव उच्चारलं की ओळखू येतं.

जिल्हे जुने आहेत हे विसरू नका. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा रत्नागिरीत किंवा सावंतवाडी संस्थानात. रायगड म्हणजे कुलाबा. वाळवा, तासगाव, खानापूर हे सातारा जिल्ह्यात. कोल्हापूर, फलटण, भोर, औंध ही संस्थानं होती.

पलटणींचे नंबरही जुने घ्या. १९२२ च्या आधी मराठा पलटणी होत्या १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. मग त्या एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली आणि बेळगावला केंद्र आलं. मात्र आपला माणूस मराठा पलटणीतच असेल असं धरून बसू नका. १९१७ मध्ये उभी राहिलेली आणि १९२१ मध्ये मोडलेली १११ महार पलटण बघा. खडकीचे सॅपर्स, म्हणजे रस्ते, पूल, खंदक करणारे सैनिक, बघा. आणि खेचरं हाकणारे, पाणी देणारे, ओझी वाहणारे, त्यांनाही सोडू नका. त्यांच्या हाती बंदूक नव्हती म्हणून घरातल्यांनीच पुढं त्यांचं नाव कमी घेतलं. तेही त्याच उन्हात, त्याच गोळीबारात होते.

'बसऱ्याला गेला' म्हणजे नक्की कुठं

आमच्याकडं मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेलेला प्रत्येक जण बसऱ्याला गेला. बोट तिथं लागायची म्हणून. पण तारीख मिळाली की खरी जागा उलगडते. आमच्या आजाची तारीख २२ नोव्हेंबर १९१५, पलटण ११७ मराठा. ती सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये होती, १०३ आणि ११० याही तिथंच. त्या दिवशी ही डिव्हिजन टेसिफॉनला तुर्की फौजेशी लढत होती. बसऱ्यापासून नदीनं शेकडो किलोमीटर वर, बगदाद जेमतेम ३५ किलोमीटरवर. चार दिवसांच्या त्या लढाईत या डिव्हिजनचा सेनापती जनरल टाउनशेंड याच्या फौजेतले सुमारे ४,६०० जण मेले किंवा जखमी झाले. उरलेले मागं हटून कुट-अल-अमारा गावात आले, तिथं ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढ्यात अडकले आणि शेवटी उपासमारीनं तुर्कांना शरण गेले.

तेव्हा तारखा अशा वाचा. नोव्हेंबर १९१५ च्या अखेरची असेल तर टेसिफॉन किंवा माघार. डिसेंबर ते एप्रिल असेल आणि पलटण १०३, ११० किंवा ११७ असेल तर बहुतेक कुटचा वेढा. अन्न कमी पडू लागल्यावर तिथं घोड्यांचं मांस वाटलं गेलं. आपल्यातल्या कित्येकांनी ते फार उशिरापर्यंत खाल्लं नाही आणि आजारानं खंगले. मे १९१६ नंतरची तारीख असेल तर तो कैदी असू शकतो. कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं आणि रेल्वेच्या कामाला जुंपलं. त्यातले कित्येक परत आले नाहीत.

रोगानं गेला असं निघालं तर वाईट वाटून घेऊ नका आणि ते झाकूही नका. कॉलरा, हगवण, उष्माघात यांनी त्या मोहिमेत अतोनात माणसं मारली. एका घरात मी पाहिलं, आजोबा तापानं गेले हे कागदावर आल्यावर मुलांचे चेहरे पडले, कारण आजवर गोळी छातीवर झेलल्याची गोष्ट सांगितली जात होती. वीस-बावीस वर्षांचं पोर, घरापासून इतकं लांब, अंगात ताप, जवळ आपलं कुणी नाही. यात कमीपणा कुठून येतो?

जास्त खोलात जायचं असेल तर पलटणींच्या रोजच्या युद्धनोंदी लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ज्‌मध्ये डब्ल्यूओ ९५ या मालिकेत आहेत. त्यांत अधिकाऱ्यांची नावं येतात, शिपाई आकड्यांत येतात. तरी त्या दिवशी पलटण कुठं होती, पाणी होतं का, किती चालली, हे कळतं.

आकड्याचं नाव होतं तेव्हा

ज्यांची कबर सापडली नाही अशा ४०,००० हून जास्त जणांसाठी बसऱ्याला स्मारक आहे. १९२९ मध्ये ते खुलं झालं, १९९७ मध्ये मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटरवर नेलं. त्यावर गोऱ्या सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं होती. हिंदी शिपायांचे, पलटणीच्या नावाखाली, नुसते आकडे होते. २०२१ मध्ये कमिशननं स्वतःच अहवाल काढून ही वागणूक भेदभावाची होती असं मान्य केलं आणि माफी मागितली. हे मी अशासाठी सांगते की स्मारकाच्या जुन्या फोटोंत नाव दिसलं नाही म्हणून खचून जाऊ नका. यादीत वैयक्तिक नोंद सापडू शकते. नोंदीत चूक असेल तर पुराव्यासह कळवता येतं, आणि नावच नसेल तर ते घालावं म्हणून अर्जही करता येतो. पदकाच्या कडेचा फोटो, फेरफार, शाळेचा दाखला, जे असेल ते जोडा.

(तुमचा माणूस १९४७ नंतरच्या युद्धातला असेल तर वाट सोपी आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात, त्याग चक्राच्या भिंतींवर, पंचवीस हजारांहून जास्त नावं हुद्द्यासह कोरली आहेत. कागदपत्रांसाठी आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा.)

तिथी

तारीख हाती आल्यावर पंचांगातून तिथी काढा. जुन्या वर्षांची पंचांगं आता इंटरनेटवरही मिळतात. काढलेली तिथी गुरुजींना एकदा दाखवून घ्या. आमच्या आजाची निघाली कार्तिक वद्य प्रतिपदा, शके १८३७, सोमवार. म्हणजे आदली रात्र त्रिपुरी पौर्णिमेची. त्या रात्री त्या पलटणी चांदण्यात चालत लढाईच्या जागेकडं गेल्या. गावाकडं त्याच रात्री देवळात त्रिपूर पाजळला असणार. हे कळल्यापासून आमच्या घरी त्रिपुरीला त्याच्या नावानं एक पणती जास्त लागते. कुणी सांगितलं नाही, माझ्या सुनेनं आपणहून सुरू केलं.

तारीख मिळालीच नाही तर पितृपंधरवड्यातली घातचतुर्दशी आहे, सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी. शस्त्रानं किंवा अपघातानं गेलेल्यांसाठीच ती आहे.

लिहायचं काय

फलक लावा, चौकट करा, नाहीतर वहीत लिहा. पण एवढं तरी हवं: पूर्ण नाव, घरात हाक मारायचे ते नाव, गाव, पलटण, नंबर, हुद्दा, वय, तारीख, तिथी, जागा. आणि बापाबरोबर आईचं नाव. सरकारी नोंदीत 'अमक्याचा मुलगा' असतं, आई कुठंच नसते. लग्न झालं असेल तर बायकोचं नावही. आमच्या आजाची बायको तेरा वर्षांची होती, नांदायलाही आली नव्हती. ती माहेरीच राहिली. आमच्या घरात तिचं नाव कुणाला येत नव्हतं. तिच्या माहेरच्या वाडीत जाऊन विचारलं तेव्हा कळलं. आता दोघांची नावं एका ओळीत आहेत.

जे ठाऊक नाही ते रचू नका. यशवंत घाडगे यांना १९४४ मध्ये इटलीत, बावीसाव्या वर्षी, लढताना मृत्यू आला आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांनी काय केलं ते तपशिलानं नोंदलेलं आहे. त्यांचीही कबर माहीत नाही, नाव इटलीतल्या कॅसिनो गावच्या स्मारकावर आहे. आपल्या घरच्या पोरांपैकी बहुतेकांसाठी असं कुणी काही लिहून ठेवलेलं नाही. मग 'शत्रूवर तुटून पडला' असं आपण कशाच्या जोरावर लिहायचं? 'टेसिफॉनच्या लढाईत पहिल्या दिवशी गेला' हे पुरेसं आहे.

तरुण मुलं एक प्रश्न हमखास विचारतात. इंग्रजांसाठी मेला, त्याचं काय एवढं? त्यांना गप्प करू नका. शिपायाला महिना अकरा रुपये पगार होता, आणि घरी चार भावांत वाटलेली माळाची जमीन. साम्राज्य त्यानं निवडलं नव्हतं. फलकावर 'ब्रिटिश हिंदी सैन्य, पहिलं महायुद्ध' असं सरळ लिहा, लपवायचं काही नाही. पण पंचवीसही न पाहिलेला आपल्या घरचा पोर होता तो, आणि त्याच्यासाठी रडायला कुठल्या राजाची परवानगी लागत नाही.

शाळेत सांगायचं झालं तर दहावीच्या मुलांना सांगा, लहानांना नको. त्यांच्यासमोर पदक ठेवा, कडेवरचा नंबर त्यांनाच वाचायला लावा. तो त्यांच्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठा होता हे सांगितल्यावर वर्ग आपोआप ऐकू लागतो.

सगळ्या कागदांच्या प्रती करा. एक संच घरी, एक ग्रामपंचायतीत, एक भावकीतल्या मुंबई-पुण्याच्या घरी. आणि यादीत आपला माणूस सापडला की पान लगेच बंद करू नका. त्याच पलटणीतली, त्याच दिवसाची, त्याच तालुक्यातली वरखालची नावं वाचा. त्यात शेजारच्या गावचं एखादं नाव असतंच. ते उतरवून घ्या आणि त्या गावी जाऊन त्यांचं घर विचारा.